टाकी लहान, ओव्हरफ्लो मोठा: घरच्या बागेसाठी पावसाचं पाणी

कोकणातल्या आमच्या घरी मृगाची पहिली सर आली की आई वळचणीखाली हंडे, पातेली, परात, हाताला लागेल ते मांडायची. कौलांवरून पागोळ्या धरल्या की तासाभरात भांडी भरत. पुण्यात स्लॅबच्या घरात राहायला आलो तेव्हा वळचणही गेली आणि पागोळ्याही गेल्या. गच्चीवरचं पाणी चार इंची पाइपातून थेट रस्त्याकडेच्या गटारात जायचं आणि त्याच पाइपाशेजारची जास्वंद मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर जगायची. सहा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी तो पाइप कापला.

पहिली दोन वर्षं फजितीची गेली. तिसऱ्या वर्षापासून घडी बसली. या लेखात लिहिलंय ते छोट्या बंगल्याला, रो-हाउसला किंवा गावाकडच्या पत्र्याच्या घराला चालेल असं आहे. पाणी फक्त बागेसाठी धरलंय. पिण्याचा विचार यात नाही, त्याची गाळणी आणि त्याची काळजी वेगळी.

आधी कागद-पेन्सिल

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एक वाक्य पाठ असलं की बाकी गणित सोपं. पडलेलं सगळं पाणी हाती येत नाही. गच्ची थोडं पिते, थोडं उडून जातं, थोडं खळग्यांत साचून राहतं. स्लॅबवरून साधारण ८० टक्के मिळतं असं धरा, पत्र्यावरून जरा जास्त, कौलांवरून जरा कमी. फुटात मोजायची सवय असेल तर १०० चौरस फूट गच्ची आणि एक मिमी पाऊस म्हणजे सात-साडेसात लिटर.

आमच्या त्या पाइपाला गच्चीचा जो भाग उतरतो तो आहे ५० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४० फूट. एका मिमीला ४० लिटर. पुण्यात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस धरला तर एका पाइपातून वर्षभरात २८ हजार लिटर. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मला वाटलं, आता काय, फक्त मोठी टाकी आणायची.

इथेच गफलत होते. माझी फुलझाडं-भाजीची जागा सुमारे २० चौरस मीटर. कोरड्या दिवसांत चौरस मीटरला रोज चार लिटर धरले तर रोजचे ८० लिटर. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांना जवळजवळ १७ हजार लिटर लागतील. एवढी टाकी ठेवायला बागच उरणार नाही. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत आटपतो, तेही बाग आधीच ओली असताना. जिथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो तिथल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण पिंप आणतो आणि जूनच्या अखेरीस ते भरून वाहत असतं.

मग टाकी कशाला? तर पावसाच्या खंडासाठी. ऑगस्टमध्ये दहा-पंधरा दिवस आभाळ नुसतं गडगडून जातं, कुंड्या सुकतात, गवारीची फुलं गळतात, तेव्हा टाकी कामाला येते. आणि शेवटच्या पावसापासून दिवाळीपर्यंत. रोज ८० लिटर म्हणजे १००० लिटरची टाकी बारा दिवस जाते. ती भरायला लागतो फक्त २५ मिमी पाऊस, म्हणजे एक चांगली सर. त्याहून मोठी टाकी माझ्या मते पैशाचा चुराडा. उरलेलं पाणी, आणि तेच खरं तर जास्त आहे, जमिनीत घालायचं. त्यामुळे टाकीला जेवढा वेळ द्याल त्याच्या दुप्पट ओव्हरफ्लोला द्या.

सामान

काळी १००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी. काळीच, कारण पांढऱ्या पारदर्शक पिंपात ऊन शिरतं आणि पंधरा दिवसांत शेवाळ धरतं. लहान बागेला २०० लिटरचं निळं पिंप चालतं, पण जुनं घेताना आत आधी काय होतं ते विचारा. रंगाचं, रसायनाचं, कीटकनाशकाचं पिंप फुकट मिळालं तरी नको.

पाइप एसडब्ल्यूआरचा, म्हणजे सांडपाण्याला आणि पावसाच्या पाण्याला वापरतात तो पीव्हीसीचा, ११० मिमी. दुकानात ‘चार इंची’ म्हणूनच मागा. सोबत दोन टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, तीन-चार एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, त्यातला एक तरी डोअर एल्बो, म्हणजे ज्याला झाकण उघडून आत हात घालता येतो. दीड-दोन मीटर १६० मिमीचा पाइप, त्याला जोडायला रिड्युसर आणि खाली आट्यांचं झाकण. टाकीच्या भोकात बसवायचं पाऊण इंची टँक निपल आणि पितळी कॉक, अर्ध्या इंचीचा एक बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप, पाइप चिकटवायचं सोल्युशन, भिंतीचे क्लॅम्प, स्टीलची बारीक जाळी आणि मीटरभर मच्छरदाणीचं कापड. एवढंच. यात सगळ्यात महाग टाकी. बाकीचं निम्मं सामान कुठल्याही प्लंबरच्या माळ्यावर तुकड्यांच्या रूपात पडलेलं असतं, विचारून बघायला हरकत नाही.

पत्र्याच्या किंवा कौलाच्या घराला पाइपाआधी पन्हळ लागेल. पन्हळीला मीटरला एक सेंटिमीटर उतार पुरे. दोरा आणि पाण्याची लेव्हल लावून क्लॅम्प ठोका, डोळ्यांवर जाऊ नका, पत्र्याची कडच वाकडी असते. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते पाणी फुलझाडांना द्या, पालेभाजीला मी देणार नाही.

पहिली पायरी: चौथरा

पहिल्या वर्षी मी २०० लिटरचं पिंप दोन बाजूंना विटा रचून मधे पोकळ ठेवून बसवलं होतं. खालून झारी घालायला सोय. आर्द्रात पिंप भरलं, विटांखालची माती भिजली आणि रात्री दोन वाजता जो काही आवाज झाला त्यानं शेजारचे लाइट लागले. सकाळी पिंप जास्वंदीवर आडवं. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण जास्वंद मोडेपर्यंत ते नुसतंच माहीत होतं.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन. चार फूट बाय चार फूट जागा मुरूम लागेपर्यंत खणा, दगड-मुरूम चोपा, वर चार इंच काँक्रीट. त्यावर विटांचं भरीव बांधकाम दोन-सव्वादोन फूट. वरचा पृष्ठभाग सपाट हवा आणि टाकीच्या बुडाला सगळीकडून टेकलेला हवा. टेबलासारखा चार पायांचा लोखंडी स्टँड घेतलाच तर वर पूर्ण फळी किंवा फरशी टाका. उंची दोन फुटांच्या वर ठेवण्याचं कारण साधं आहे, कॉकखाली झारी सरळ उभी राहिली पाहिजे. भरलेली टाकी गॅलरीत किंवा गच्चीच्या मधोमध ठेवण्याचा विचार जाणकाराला विचारल्याशिवाय करू नका. जागा शक्यतो सावलीची आणि उतरत्या पाइपाजवळची.

दुसरी पायरी: पाइप कापणे आणि पहिलं पाणी सोडून देणे

गच्चीवर आठ महिने कबुतरं बसतात, धूळ उडते, शेजारच्या गुलमोहराचा बारीक पाला पडतो. पहिल्या सरीत हे सगळं एकदम पाइपात उतरतं. ते पाणी चहासारखं दिसतं. ते टाकीत जाऊ द्यायचं नाही.

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. उतरत्या पाइपात टाकीच्या तोंडाच्या थोडं वर एक टी बसवा. टीची आडवी बाजू टाकीकडे जाते. सरळ खालची बाजू मात्र जमिनीपर्यंत नेऊन बंद करायची. पाऊस सुरू झाला की पाणी आधी सरळ खाली जातं, तो बंद पाइप मळक्या पाण्यानं भरतो, भरला की मागचं स्वच्छ पाणी आपोआप आडवं वळून टाकीत जातं. यात वीज नाही, बटण नाही.

हा बंद पाइप किती मोठा? पिण्यासाठी पाणी धरणारे एक-दोन मिमी पाऊस सोडून देतात. बागेला अर्धा मिमी पुरे. माझ्या ५० चौरस मीटरला २५ लिटर. चौथरा आणि टाकी मिळून सहा फूट उंची होते, तेवढ्या लांबीच्या ११० मिमी पाइपात १५ लिटरच मावतात. म्हणून टीच्या खाली रिड्युसर लावून १६० मिमीचा पाइप घ्यायचा. त्यात ३० लिटरच्या आसपास मावतं. गच्ची लहान असेल तर चार इंचीवर भागेल.

खालच्या टोकाला आट्यांचं झाकण, कारण ते उघडून गाळ काढावा लागतो. झाकणाला दोन मिमीचं एक भोक पाडा. पाऊस थांबल्यावर दीड-दोन तासांत पाइप रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार राहतो. हे भोक बुजतं. पाला नसला तरी वाळू असतेच. म्हणून मोठ्या पावसानंतर एकदा झाकण फिरवून काढायचं, हात धुवायचे, परत लावायचं. झाकण उघडताना बाजूला उभं राहा. समोर उभं राहिलात तर कबुतरांचं सगळं आंघोळीचं पाणी चपलेत.

या पाइपाला दोन क्लॅम्प तरी घाला. भरल्यावर तो तीस किलोचा होतो आणि नुसत्या सोल्युशनच्या जोडावर लोंबकळत राहिला की टी चिरते.

तिसरी पायरी: जाळ्या

इंटरनेटवर वाळू, खडी, कोळसा यांचे थर असलेल्या फिल्टरच्या सुंदर आकृत्या मिळतात. बागेच्या पाण्याला त्याची गरज नाही. वाळूचा फिल्टर नीट धुतला नाही तर दुसऱ्या महिन्यात तुंबतो आणि मुसळधार पावसात पाणी मागे गच्चीवर चढतं. मी तीन ठिकाणी जाळ्या लावल्यात. गच्चीच्या तोटीवर घुमटासारखी जाळी, पाला अडवायला. सपाट जाळीवर पाला चिकटून बसतो, घुमटाच्या बाजू मोकळ्या राहतात. टाकीच्या तोंडाशी स्टीलची बारीक जाळी. आणि टाकीच्या झाकणाखाली मच्छरदाणीचं कापड, दोन पदरी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगेनं घट्ट आवळलेलं.

बोअरला पाणी सोडायचं असेल तर मात्र हा सगळा हलगर्जीपणा चालणार नाही. तिथे खरा फिल्टर आणि माहीतगार माणूस हवा. गच्चीची घाण थेट भूजलात घालून ठेवणं म्हणजे साऱ्या आळीच्या पाण्यात हात बुडवणं.

चौथी पायरी: टाकीची भोकं

कॉक टाकीच्या बुडापासून तीन इंच वर घ्या. खाली गाळ बसतो, तो झारीत यायला नको. त्याच्याही खाली, अगदी बुडाशी, अर्ध्या इंचीचा बॉल व्हॉल्व्ह धुण्यासाठी. भोक होल सॉनं, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीनं पाडा, तापवलेल्या सळईनं पाडलेलं भोक लंबगोल होतं आणि टँक निपलचं रबर तिथे कधीच नीट बसत नाही. रबर आतून, चकती बाहेरून, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे. हातानं घट्ट करून मग पान्यानं अर्धा फेरा. जास्त आवळलं की रबर बाहेर येतं.

आता ओव्हरफ्लो. दुसऱ्या वर्षी हजार लिटरची टाकी आली, सोबत कंपनीनं दिलेलं एक इंचीचं ओव्हरफ्लोचं भोक होतं. मला ते पुरेसं वाटलं. हस्तातल्या एका संध्याकाळी, हत्ती सोंडेनं ओततो म्हणतात तसा पाऊस आला आणि टाकीचं झाकण उडून कारंजं सुरू झालं. चौथऱ्याभोवतीची माती वाहून गेली. दुसऱ्या दिवशी प्लंबरदादा आले, त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. “ताई, घरात चार दारांनी माणसं येतायत आणि बाहेर जायला तुम्ही खिडकी ठेवलीय.”

गणित त्यांच्याच बाजूचं होतं. तासाला १०० मिमीच्या वेगानं पाऊस पडला, आणि थोडा वेळ तसा पडतोच, तर ५० चौरस मीटरवरून मिनिटाला ऐंशी लिटरच्या आसपास पाणी येतं. टाकीच्या काठाशी असलेल्या एक इंची भोकातून त्याच्या निम्मंही बाहेर पडत नाही. तेव्हा नियम असा: आत येणारा पाइप जेवढा, बाहेर जाणाराही तेवढाच. चार इंची आत, चार इंची बाहेर. ओव्हरफ्लोचं भोक आत येणाऱ्या पाइपाच्या तळापेक्षा दोन इंच खाली हवं. आणि बाहेरच्या टोकाला मच्छरदाणी विसरायची नाही.

पाचवी पायरी: सांडलेलं पाणी कुठे जाणार

आधी मातीची परीक्षा. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या. परत भरा आणि पट्टी लावून तासाभरात पाणी किती उतरलं ते बघा. दोन-तीन इंच उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा-पाऊण इंचच उतरलं तर तुमच्याकडे काळी माती आहे. तिथे शोषखड्डा म्हणजे डबकं. काळ्या मातीत एकतर मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं किंवा पाणी उथळ आणि लांब पसरावं लागतं. जांभ्याच्या जमिनीत, कोकणात, पाणी बघता बघता गडप होतं, तिथे प्रश्न उलटा.

शोषखड्डा करायचा तर तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब, सेप्टिक टँकपासूनही लांब. तळाला मोठे दगड, वर वीटतुकडे, वर खडी. दगडांच्या फटींत जेमतेम ३०० लिटर मावतं, म्हणून एका खड्ड्यावर भरवसा ठेवून चालत नाही, त्यालाही पुढे वाट हवी.

मला जास्त आवडतो तो चर. आमच्याकडे ओव्हरफ्लोचा पाइप चौथऱ्यापासून सुटून कुंपणाकडेच्या बारा फुटी चरात पडतो. चर फूटभर खोल, दीड फूट रुंद, आत वीटतुकडे आणि सुका पाला. काठावर अळू, कर्दळ आणि एक केळ. जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर हीच झाडं का असत ते आता कळतं, पाय पाण्यात असला तरी यांना सर्दी होत नाही. चराच्या दुसऱ्या टोकाला कुंपणातून बाहेर जाणारा जुना पाइप तसाच ठेवलाय. अतिवृष्टीत पाण्याला शेवटी गटाराची वाट लागतेच, ती बंद केली तर पाणी शेजाऱ्यांकडे जातं आणि मग चर्चा पाण्यावरून होत नाही.

त्याच पाण्याचा आणखी एक साठा आहे, तो विकत मिळत नाही. शेणखत, पालापाचोळा घालून भुसभुशीत केलेली माती एक फूट खोलीला चौरस मीटरमागे ४०-५० लिटर पाणी झाडांसाठी धरून ठेवते. माझ्या २० चौरस मीटरचे झाले ८००-१००० लिटर, म्हणजे दुसरी टाकीच! फक्त सप्टेंबर संपता संपता, माती पूर्ण ओली असताना, तिच्यावर चार इंच आच्छादन पडलं पाहिजे. सुका पाला, नारळाच्या शेंड्या, मिळालं तर उसाचं पाचट. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर घातलेलं आच्छादन म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी.

पाणी झाडांपर्यंत

दोन फुटांच्या चौथऱ्यावरून दाब फारसा मिळत नाही. एक मीटर उंचीला एक दशांश किलोचा दाब, आणि साध्या ड्रिपरला लागतो एक किलोच्या आसपास. म्हणून बाजारातलं ठिबक आणून जोडलंत तर जवळची दोन झाडं पितील आणि बाकीची बघत राहतील. कमी दाबावर नुसती मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळी, चालते, किंवा सरळ झारी. मी झारी घेते. झाडांकडे रोज बघणं होतं, मावा पडला की पहिल्या दिवशी दिसतो.

वांगी-मिरचीच्या वाफ्यात जुने पाझरणारे माठ गळ्यापर्यंत पुरलेत. भरायचे, वर पणती झाकायची. मुळं आपणहून त्यांच्याकडे जातात.

महापालिकेच्या नळाची लाइन या टाकीला कुठल्याही व्हॉल्व्हनं जोडू नका. कॉकवर ‘पिण्यासाठी नाही’ असं ठळक लिहा, पोरं खेळता खेळता तोंड लावतात.

डास

डेंगीचा डास बहुतेक वेळा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे आपण त्याच्यासाठी राजवाडाच बांधतोय हे लक्षात असू द्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. कापड फाटलंय का, ओव्हरफ्लोची जाळी सुटलीय का, हे आठवड्यातून एका ठरलेल्या वारी बघायचं. आमचा वार शनिवार. टाकीपेक्षा जास्त अळ्या मला सापडल्या त्या कुंडीखालच्या बशीत आणि गच्चीच्या तोटीजवळच्या खळग्यात. खळगा सिमेंटनं भरून टाकला.

वर्षाचं वेळापत्रक

काम एप्रिल-मेमध्ये उरका. वळिवाची एखादी सर आली तर ती फुकटची चाचणी, सगळे जोड तेव्हाच बघून घ्या. त्या सरीचं पाणी बॉल व्हॉल्व्ह उघडून सोडून द्या आणि मग गच्ची खराट्यानं झाडून धुवा. गच्चीला नवं वॉटरप्रूफिंग केलं असेल तर सुरुवातीचे काही पाऊस टाकीत घेऊ नका. सोसायटीत राहत असाल तर सामायिक पाइप कापण्याआधी लेखी परवानगी घ्या. आणि महापालिका मिळकतकरात सवलत देत असेल तर त्यांचे निकष आधी विचारा, काम झाल्यावर विचारलं की त्यांना हवा तो खड्डा नेमका आपण केलेला नसतो.

पाऊस मोजायला सरळ उभ्या बाजूंचा काचेचा ग्लास गच्चीच्या कट्ट्यावर ठेवा. सकाळी पट्टी लावली की मिमी कळतात, गुणिले चाळीस केलं की लिटर. आमच्याकडे हे काम आठवीतल्या भाच्याकडे आहे, तो सुटीत येतो तेव्हा वही चोख असते, एरवी मोठमोठ्या भगदाडांची.

दिवाळीच्या आसपास टाकी तळाला जाते. उरलेलं गढूळ पाणी केळीला ओता, बुडाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ धुवा, टाकी उन्हात वाळवून झाकण लावून ठेवा. पहिल्या पाण्याच्या पाइपाचं आट्यांचं झाकण मात्र काढून आत घरात ठेवा, बाहेर ठेवलेलं मेपर्यंत कधीच सापडत नाही. माझं स्वयंपाकघरातल्या किल्ल्यांच्या हुकाला सुतळीनं टांगलेलं असतं आणि नवीन येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय.